पांढऱ्या चिठ्ठीच्या नळ्या

माझी धाकटी बहीण नांदेडला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषयाचं नाव प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तीन ओळी भरेल एवढं होतं. लातूरच्या घरी आईला ती ते दोन वाक्यांत सांगायची. "जंतू आता जुन्या अँटिबायोटिकला भीत न्हाईत, माय. म्हणून त्याला कथिल जोडून बघून राहिले."

आईचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. "कथिल तर आपल्या पातेल्याला असायचं. कल्हईवाला भाता घेऊन दारात बसायचा. त्याच्यासाठी कामून पाच वर्षं कॉलेजात जायचं?"

आईचं चुकत नव्हतं. पातेल्याच्या आत बसलेलं कथिल कुणाचं काही बिघडवत नाही. पण त्याच कथिलाच्या अणूला कार्बनच्या साखळ्या जोडल्या की वेगळंच द्रव्य तयार होतं. ते पेशीच्या आवरणातून आत शिरतं आणि पेशी जिथं ऊर्जा तयार करते तिथं अडथळा आणतं. अशी संयुगं एकेकाळी जहाजांच्या बुडाला द्यायच्या रंगात घालत, शिंपले चिकटू नयेत म्हणून. त्यांनी शिंपल्यांबरोबर समुद्रातल्या गोगलगायींचंही नुकसान केलं, ज्यांचा जहाजांना काही त्रास नव्हता. बहिणीचा विचार असा होता, की निकामी झालेल्या अँटिबायोटिकला कथिल जोडलं तर ते जंतूला मारू शकेल. ते जंतूपाशीच थांबेल का, एवढा प्रश्न होता.

हा विषय तिला कुणी दिलेला नव्हता. आमचे वडील एसटीत होते. निवृत्तीनंतर साखरेमुळं त्यांच्या पायाची जखम चिघळली. पू तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात औषधांची उभी यादी होती आणि प्रत्येक औषधापुढं 'आर' हे एकच अक्षर. आर म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही. बहीण तेव्हा एम.एस्सी.ला होती. कॉटजवळच्या स्टुलावर बसून ती तो कागद वरून खाली आणि पुन्हा वरून खाली वाचत होती. वडील त्याच आठवड्यात गेले. यादीतलं वरून चौथं औषध तिनं पुढं प्रबंधासाठी घेतलं.

चार वर्षांत तिनं त्या औषधाची कथिलाशी जोडलेली पाच संयुगं तयार केली. त्यांतलं एक चांगलं निघालं. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्याचा थेंब टाकला की भोवती स्वच्छ गोल उमटायचा, मूळ औषधाच्या गोलापेक्षा मोठा. आता एकच प्रकरण लिहायचं राहिलं होतं. जंतू मारणारी ही मात्रा इतर जिवंत पेशींना सोसते का? सोसत असेल तर ते औषधाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल. सोसत नसेल तर ते आणखी एक विष. नोंदणीची मुदत डिसेंबरात संपत होती.

पेशींवरची तपासणी करायचे महागडे मार्ग आहेत. स्वस्त आणि जगभर मानलेला मार्ग कांद्याचा आहे. कांद्याचं बूड खरवडून तो काचेच्या नळीच्या तोंडावर बसवायचा, बुडाला द्रावण टेकलं पाहिजे. चार-पाच दिवसांत मुळं फुटतात. कोवळ्या मुळाच्या टोकाला पेशी सतत विभागत असतात. द्रावणात विष असेल तर विभाजन थांबतं आणि मुळं आखूड राहतात. शेजारी काही कांदे नुसत्या शुद्ध पाण्यात ठेवायचे. त्याला कंट्रोल म्हणतात. सगळी मापं त्याच्याशी ताडून बघायची.

त्याच उन्हाळ्यात निवडणूक लागली. मतदान यंत्रं ठेवायला कॉलेजची इमारत ताब्यात घेतली गेली आणि प्रयोगशाळेच्या दाराला सील लागलं. किती दिवस, ते कुणी सांगेना. बहिणीच्या गाईडनी आदल्या दिवशी परवानगी दिली. कांद्याला प्रयोगशाळा लागत नाही, पण काळजी घे, म्हणाले. तिनं अगदी सौम्य द्रावणांच्या बाटल्या, नळ्यांचे स्टँड, हातमोजे आणि शुद्ध पाण्याचे दोन कॅन घेऊन लातूरची बस पकडली.

मधल्या खोलीत तिनं खिडकीवर ओलं पोतं टाकलं आणि वडिलांच्या जुन्या टेबलावर स्टँड मांडले. द्रावणाच्या नळ्यांना लाल चिठ्ठ्या, नुसत्या पाण्याच्या नळ्यांना पांढऱ्या. द्रावण आणि पाणी रोज बदलावं लागायचं. आई दारात उभी राहून बघत होती. वडील गेल्यापासून त्या घरात ती एकटीच राहायची. आता घरात काहीतरी चाललं होतं आणि त्यात तिला काही काम नव्हतं.

"लाल चिठ्ठीला हात लावायचा न्हाई, माय. अजिबात."

"न्हाई लावत. अन् पांढरीला?"

बहिणीनं एक कॅन तिच्या हाताशी सरकवला. "पांढऱ्या तुझ्या. रोज सकाळी त्या कॅनमधलं पाणी बदलायचं."

हा सगळा भाग मला बहिणीनं फोनवर सांगितला. मी नांदेडला एका दैनिकात उपसंपादक आहे, सुट्टी मंगळवारी. पुढच्या मंगळवारी मी लातूरला पोचलो तेव्हा पाच दिवस पूर्ण झाले होते आणि बहीण पट्टी घेऊन मुळं मोजत होती. सगळ्यांचीच मुळं आखूड होती, नखाएवढी. तिनं त्याचं कारण उन्हाळा असं लिहून ठेवलं होतं. महत्त्वाचं होतं ते वेगळंच. खालच्या तीन मात्रांची मुळं आणि पांढऱ्या चिठ्ठीची मुळं यांत फरक नव्हता. आणि त्या तीन मात्रांमध्ये जंतू मरत होते.

"फरक न्हाई, दादा," ती म्हणाली. मग पुन्हा मोजलं. "फरकच न्हाई."

तिनं वही टेबलावर ठेवली, स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापत असलेल्या आईला मागून मिठी मारली. आई ओरडली, "अगं, तवा! काय करून राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. आई पांढरी साडी नेसून विहारात गेली आणि तिथं जेवढ्या बायका भेटल्या तेवढ्यांना तिनं सांगितलं, की लेकीनं औषध शोधलं, जंतू मरतात अन् बाकीच्याला धक्का न्हाई. त्यांतल्या एकीचा मुलगा आमच्याच दैनिकाचा लातूरचा बातमीदार होता. संध्याकाळी नांदेडला माझ्या टेबलावर त्याची बातमी आली. पहिल्या वाक्यात 'क्रांतिकारी' हा शब्द होता. घरची बातमी म्हणून मी ती थांबवली, दुसरं कारण नव्हतं. बातमी खोटी असेल असं मला वाटलं नव्हतं.

निवडणूक संपेना. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी पुन्हा घरी होतो. दुपारी बहीण सामान आवरायला बसली. मुळांची टोकं अल्कोहोलात जपून छोट्या बाटल्यांत भरली होती, नांदेडला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. नळ्या धुतल्या. मग तिनं दुसरा कॅन उचलला आणि तशीच उभी राहिली.

"हा भरलेला कसा?"

तिनं वही काढली. लाल नळ्यांना किती पाणी गेलं, पांढऱ्यांना किती, सगळं लिहिलेलं होतं. लाल नळ्यांचं द्रावण पातळ करायचं पाणी पहिल्या कॅनमधून जायचं. दुसरा कॅन आईच्या हाताशी ठेवला होता. तो निम्मा व्हायला हवा होता. त्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"माय, पांढरीला पाणी कुठलं घातलंस?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "प्यायचं."

"प्यायचं म्हंजे?"

"म्हंजे हंड्यातलं. ते तुपलं कॅनचं पाणी मी बघितलं. तसलं तर दुकानात बॅटरीत घालायला मिळतंय. समोरचा त्याच्या इन्व्हर्टरमधी घालतो. जित्या कांद्याला बॅटरीचं पाणी कोण पाजतंय?"

आमच्या घरी पाणी दोन प्रकारचं असतं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत टँकर. टँकरचं ते वापरायचं, ते टाकीत. नळाचं गाळून तांब्याच्या हंड्यात, ते प्यायचं. घरात जो येईल त्याला, मग तो वीजबिलवाला का असेना, हंड्यातलंच द्यायचं, ही आईची रीत. तिच्या लहानपणी तिच्या गावात तिच्या घरच्यांना पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. ती हे फारसं सांगत नाही. हंडा मात्र दर दोन दिवसांनी चिंचेनं घासते. पाहुणे म्हणून आलेल्या कांद्यांना तिनं घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी दिलं होतं.

बहीण खाली बसली. चिंचेनं नुकत्याच घासलेल्या हंड्यात रात्रभर पाणी राहिलं की थोडं तांबं पाण्यात उतरतं. माणसाच्या पोटाला तेवढ्यानं काही होत नाही. कांद्याच्या कोवळ्या मुळाला होतं. पांढऱ्या नळ्यांतली मुळं उन्हाळ्यानं आखूड राहिली नव्हती. लाल नळ्यांत कथिलानं जे केलं असणार तेच पांढऱ्या नळ्यांत तांब्यानं केलं होतं, आणि म्हणून दोन्हींत फरक दिसत नव्हता.

तिनं हे आईला सांगितलं. आवाज चढवला नाही.

"तांब्याचं पाणी तर चांगलं असतंय," आई म्हणाली.

"माणसाला. मुळं लई नाजूक असतात, माय. म्हणून तर कांदा घेतात."

"मंग मी मारले का गं कांदे?"

"मारले न्हाईस. वाढू दिले न्हाईस."

आईनं सुपातले तांदूळ एका बाजूला सारले आणि उठून मागच्या अंगणात गेली.

बहिणीनं वही मिटून मांडीवर ठेवली. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. आकडे तिच्या हस्ताक्षरात होते, कंट्रोल होता, तारखा होत्या. मापात एकही चूक नव्हती. मी म्हणालो, "खाली एक टीप टाक. पाणी स्थानिक होतं म्हणून."

"तू तुझ्या पेपरात अशी टीप टाकतोस?"

"टाकतो. रोज."

ती हसली, पण थोडंच. "पप्पांच्या त्या कागदावर सगळीकडं आर होता, दादा. त्या लॅबवाल्यानं एखाद्या ठिकाणी चुकून दुसरं अक्षर लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं मला. दोन दिवस."

मग तिनं गाईडना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "सर, कंट्रोल चुकलाय. ... हो, सगळाच. ... तांब्याच्या भांड्यातलं पाणी गेलं. ... नाही सर, मला आत्ताच कळलं." नंतर बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पुन्हा कर म्हणाले. अन् जेवलीस का, विचारलं."

कांदे आणायला मीच गंजगोलाईच्या बाजारात गेलो. एका आकाराचे, कोंब न फुटलेले कांदे निवडताना विक्रेता म्हणाला, "साहेब, कांदे घ्यायलाय का नवरी बघायलाय?"

संध्याकाळी बहिणीनं पुन्हा स्टँड मांडले. आई त्या खोलीच्या दारापर्यंतही येत नव्हती. बहीण स्वयंपाकघरात गेली आणि दुसरा कॅन तिच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"पांढऱ्या तुझ्याच हायत."

"मला नगं. मी नासवते."

"झाकण तूच उघड."

"सांगितलं ना, नगं. तू शिकलेली हायस, तू घाल."

"माय, मी लालचे हातमोजे घालून पांढरीला हात लावला तर पुन्हा नासतील. कुणीतरी लागतंय."

हे शंभर टक्के खरं नव्हतं. हातमोजे बदलता येतात. आईनं पदराला हात पुसले आणि झाकण फिरवलं. पाण्याचा वास घेतला. "वास पण न्हाई याला," ती नाराजीनं म्हणाली.

पुढचे चार दिवस मी नांदेडला होतो. रोज सकाळी आईचा फोन यायचा. एरवी ती बुधवारी एकदा करते. पहिल्या दिवशी, काही न्हाई. दुसऱ्या दिवशी, पांढरीला दाढीच्या खुंटावानी आलंय. तिसऱ्या दिवशी, "अरे, बोटभर झालेत. पांढरेफेक. बॅटरीच्या पाण्यात!" लाल चिठ्ठ्यांबद्दल ती बोलत नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ते तिला विचार."

पाचव्या दिवशी मी रजा टाकून गेलो. पांढऱ्या नळ्यांत मुळांचा झुबका नळीच्या बुडाकडं चालला होता. लाल नळ्यांत, अगदी सौम्य मात्रेतसुद्धा, पहिल्या फेरीसारखेच नखाएवढे खुंट होते आणि त्यांची टोकं तपकिरी, मऊ पडली होती. बहिणीनं एकेक मूळ पट्टीवर धरलं, आकडा मोठ्यानं सांगितला आणि मी वहीत लिहिला. आकडे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. शेवटचा कांदा झाल्यावर तिनं हातमोजे काढले आणि पट्टी पुसून ठेवली.

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "मंग हे औषध न्हाई होत?"

"न्हाई होत. जंतूलाही मारतं अन् ह्यालाही."

"तुझ्या पप्पांना दिलं असतं तर?"

"न्हाई देता आलं असतं, माय."

आईनं बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तिच्या वेणीतून सुटलेली बट कानामागं सारली आणि चहा ठेवायला गेली. बहीण खिडकीवरचं पोतं काढत होती. ते सुकून कडक झालं होतं. ते तिनं पुन्हा पुन्हा झटकलं, गरजेपेक्षा बरंच जास्त.

पुढच्या पौर्णिमेला आई विहारात गेली आणि आधी ज्या ज्या बाईला सांगितलं होतं त्या प्रत्येकीला गाठून म्हणाली, की ते औषध न्हाई निघालं, मोजायला चूक झाली होती, आता बरोबर मोजलंय. एक बाई आली नव्हती, तर तिच्या घरी जाऊन सांगितलं. बातमीदाराच्या आईला तिनं बजावलं, "तुपल्या पोराला म्हणावं, छापू नको." वीस वर्षांच्या नोकरीत इतकी पूर्ण दुरुस्ती मी पाहिलेली नाही.

प्रबंध मुदतीत गेला. राहिलेल्या चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष असा होता, की हे संयुग जंतूंना मारणाऱ्या मात्रेतच वनस्पतीच्या विभागणाऱ्या पेशींनाही मारक ठरतं आणि याच रूपात औषध म्हणून त्याचा विचार करू नये. पुढं कुठली साखळी बदलून पाहता येईल, यावर दीड पान होतं. पहिल्या फसलेल्या फेरीची माहितीही बहिणीनं परिशिष्टात दिली होती.

तोंडी परीक्षा नांदेडला, सर्वांसाठी खुली असते. आई पहाटेच्या बसनं निघाली आणि दोन तास आधी येऊन शेवटच्या रांगेत बसली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. त्यांनी परिशिष्ट उघडलं.

"पहिल्या फेरीत कंट्रोलच्या नळ्यांत तांब्याच्या भांड्यातलं पाणी गेलं, असं इथं आहे. हे कुणाकडून झालं?"

"माझ्याकडून, सर," बहीण म्हणाली. "पाण्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं."

शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "न्हाई साहेब. ती खोटं बोलून राहिली. मी घातलं."

सभागृहातल्या पंधरा-वीस जणांनी मागं पाहिलं. बहिणीनं डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी चष्मा खाली घेतला. "आपण कोण?"

"मी तिची आई. हंड्यातलं घातलं मी. सकाळी अन् संध्याकाळी."

"संध्याकाळीही?" हे बहिणीनं विचारलं. तिला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"उन्हाळा होता. मुळं वाढंनात. मला वाटलं तहानले असतील, म्हणून दोनदा बदललं. तुला न्हाई सांगितलं, तू ओरडली असतीस."

कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी परिशिष्टाच्या पानाशी पेन नेलं आणि बहिणीकडं वळले. "म्हणजे तांब्याचं ताजं पाणी दिवसातून दोन वेळा. तुम्ही एकदाच धरलंय. मुळं इतकी आखूड का राहिली, ते आता जास्त नीट कळतं. ही दुरुस्ती करून घ्या. बाकी मला काही अडचण नाही."

"हो, सर."

"आणि बाई, दुसऱ्या फेरीत?"

"एकदाच," आई म्हणाली. "कॅनचंच. तिनं सांगितलं तसं."

"बरं. बसा."

आई बसली नाही. "पास हाय का मंग ती?"

गाईडनी मान खाली घातली, बहुधा हसू लपवायला. परीक्षक म्हणाले, "मला अजून तीन प्रश्न विचारायचेत."

"विचारा," आई म्हणाली आणि पदर सावरून बसली.

बहिणीनं पाण्याचा घोट घेतला, परिशिष्टाच्या पानावर 'एकदा' खोडून 'दोनदा' लिहिलं आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली.